सही तिची, खाते कुणाचे?

आमच्या केंद्रात आलेली एक बाई नवऱ्याच्या फर्ममध्ये बारा वर्षे ‘भागीदार’ होती. हे तिला कळले ते फर्मच्या देण्याची नोटीस आल्यावर! भागीदारीला किमान दोघे लागतात, म्हणून घरातल्या बाईचे नाव घालतात. पण १९३२च्या कायद्याने फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो.

नफ्यावरचा प्राप्तिकर फर्म भरते, म्हणून भागीदाराच्या वाट्यावर पुन्हा कर नाही. तिने न उचललेला वाटा तिच्या भांडवल खात्यात जमा दिसला पाहिजे; बाहेर पडताना हिशेब तिथूनच सुरू होतो.

जबाबदारी तिची आणि खाते मात्र नवऱ्याच्या मुठीत, हे मला मान्य नाही. मैत्रिणींनो, करारनामा वाचल्याशिवाय सही करू नका. दरवर्षी आपल्या खात्याचा उतारा मागा. वह्या पाहणे हा भागीदाराचा कायदेशीर हक्कच आहे.