उसनी वाट

२०२४ च्या मे महिन्याअखेरीस एका दुपारी कोकणातून फोन आला. "सायेब, तुमचं नाव सांगून पोरं येतात. फटफटी घेऊन. दर रविवारी." फोन करणाऱ्याला मी त्याच्या लहानपणापासून ओळखतो. १९८६ साली त्याच्या वडिलांच्या विहिरीचं कर्जप्रकरण मी केलं, तेव्हा हा पाचवीत असेल. आवाजात तक्रार नव्हती. किंवा असलीच तर सायबापुढे ती करायची कशी, या संकोचात गुंडाळलेली होती. मी विचारलं, "माझं नाव कशाला सांगतात?" तर म्हणाला, "तुम्हीच वाट दिली म्हणतात."

वाट दिली होती, हे खरं. ती कशी दिली, हे सांगण्यासाठी जरा मागं जावं लागेल.

बँकेत शेती अधिकारी म्हणून माझी दक्षिण रत्नागिरीतल्या एका शाखेत नेमणूक झाली, तेव्हा मी पंचविशीत होतो आणि बुडाखाली राजदूत होती. आंब्याची कलमं, विहिरी, म्हशी, होड्यांची जाळी. कर्ज कशाचंही असो, स्थळपाहणी केल्याशिवाय प्रकरण पुढे सरकत नसे. पाहणी अहवालाला जमिनीचा हातानं काढलेला नकाशा जोडावा लागे आणि त्याखाली चतुःसीमा लिहाव्या लागत. पूर्वेस अमक्याचा गडगा, पश्चिमेस पऱ्ह्या, दक्षिणेस तमक्याचं काजूचं भाटलं, उत्तरेस सडा. माझी चित्रकला यथातथाच, त्यामुळे विहीर बटाट्यासारखी आणि आंबा फ्लॉवरसारखा दिसे. पण त्या नकाशात एक गोष्ट आपोआप येई. जाण्यायेण्याची वाट कुणाच्या जमिनीतून आहे आणि त्याची हरकत आहे की नाही, हे विचारूनच लिहावं लागे. वाटेला मालक असतो, हे मी बँकेत शिकलो.

२०२१ साली निवृत्त झालो. कादंबरीलेखन चालूच होतं, तरी सकाळी दहा वाजता पाय आपोआप दाराकडे वळत. माझ्या पुतण्यानं हे हेरलं. हा पोरगा शनिवार-रविवारी मोटारसायकल घेऊन डांबरी रस्ता सोडून हिंडणाऱ्यांपैकी. त्यानं त्याचं एक जुनं जीपीएस यंत्र माझ्या हाती ठेवलं, "काका, तुमच्या जुन्या वाटा यात भरा."

वाटा यात भरायच्या म्हणजे काय, हे समजायला मला दोन आठवडे लागले. पहिली समजूत गेली ती ही, की या यंत्राला मोबाइलचं जाळं लागतं. लागत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संकेत पाठवत असतात. त्यांतल्या किमान चारांचे संकेत मिळाले की यंत्र आपली जागा स्वतः काढतं, सामान्यतः चारदोन मीटरच्या फरकानं. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि मगच ही यंत्रं पायवाटेच्या कामाची झाली. (उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र मात्र निराळं. ते आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि ते ठाऊक नसलेले परदेशी पाहुणे विमानतळावर अडकलेले आहेत.)

दुसरा घोटाळा 'रूट' आणि 'ट्रॅक' यांचा. रूटमध्ये आपण ठळक ठिकाणं देतो आणि मधला रस्ता यंत्र स्वतःच्या नकाशावरून ठरवतं. ट्रॅक म्हणजे कुणीतरी खरोखर गेलेल्या वाटेवरचे बिंदू, एकामागोमाग एक. पुतण्याच्या एका मित्रानं सड्यावरून जाणारी सुंदर वाट रूट म्हणून भरली. त्याच्या यंत्रानं शहाणपणा करून त्याला मुंबई-गोवा महामार्गावर नेऊन सोडलं आणि दिवसभर त्यानं ट्रकांची धूळ खाल्ली. म्हणून आडवाटेला ट्रॅक हवा. यंत्र केबलनं संगणकाला जोडायचं, ते पेनड्राइव्हसारखं उघडतं, आत जीपीएक्स नावाचा कप्पा असतो, त्यात फाइल टाकायची. मग यंत्रावर तो ट्रॅक 'नकाशावर दाखव' म्हणायचं आणि डोळ्यांना सोसेल असा रंग द्यायचा. काही जुन्या यंत्रांत एका ट्रॅकला ठरावीक बिंदूच मावतात. फाइल मोठी असेल तर शेपूट कापली जाते आणि वाट नेमकी परतीच्या घाटात संपते. निघण्यापूर्वी शेवटचा बिंदू बघून घ्यावा. हे मी अनुभवावरून सांगतो.

ही जीपीएक्स फाइल २००२ सालापासून प्रचारात आहे आणि ती साधा मजकूर असते. मी ती उघडून पाहिली तेव्हा मला खातेवही उघडल्यासारखं वाटलं. अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. पुन्हा अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. हजारो ओळी. पासबुकात तारीख असते, रक्कम असते, शिल्लक असते, आणि एक रकाना असतो 'तपशील' नावाचा. पैसे कुणाकडून आले आणि कशासाठी, ते तिथं कळतं. या फाइलीतही तपशिलाची जागा आहे. वर्णन लिहायला आहे, करणाऱ्याचं नाव लिहायलाही आहे. मी पुतण्याच्या संग्रहातल्या साठ-सत्तर फाइली उघडल्या, बहुतेकांत ती जागा कोरी. जिथं काही होतं तिथं 'मस्त ट्रेल' एवढंच.

जानेवारी २०२३ मध्ये मी माझ्या दीडशे सीसीच्या गाडीवर त्या वाडीला गेलो. वाडीचं नाव या लेखात देणार नाही, ते का हे पुढे कळेलच. आदल्या दिवशी फोन केला होता. सड्यावर तो मला घ्यायला आला. सड्यावरून वाडीत जांभ्या दगडाची जुनी पाखाडी उतरते. तिच्या कडेला मातीची हातभर पट्टी होती. तो पुढे चालत होता, मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागं. खाली गडग्याला आडव्या बांबूंचं फाटक आहे, तिकडे त्याला बेडं म्हणतात. त्यानं एकेक बांबू सरकवला, मी आत गेलो, त्यानं एकेक बांबू पुन्हा लावला. खळ्यात चहा झाला, विहिरीचं पाणी प्यायलो, त्याच्या वडिलांच्या फोटोला नमस्कार केला. परत निघालो तेव्हा खिशातलं यंत्र सगळं टिपत होतं.

घरी आल्यावर पुतण्यानं फाइल मागितली. मी दिली. तपशिलाचा रकाना मीही कोराच ठेवला. इतरांच्या फाइलींना नावं ठेवून आठवडाही झाला नव्हता.

पुढचं सगळं फोनवर ऐकलं होतं, तरी जाऊन पाहिल्याशिवाय राहवेना. पुतण्याला घेऊन गेलो. मातीच्या पट्टीचा गुडघाभर चर झाला होता. चर झाल्यावर गाड्या पाखाडीवरून चढू लागल्या होत्या आणि आठ-दहा पायऱ्यांचे चिरे जागचे हलले होते. या पाखाडीनं पोरं शाळेला जातात, म्हातारीकोतारी देवळात जातात. कुणीतरी बेडं उघडं टाकून गेलं होतं. गुरं आत शिरून त्यांनी काजूची रोपं खाल्ली होती. पावसाळा दोन आठवड्यांवर होता आणि चरातून येणारं पाणी सरळ खळ्यात उतरणार होतं. तो म्हणाला, "पोरं वाईट नाहीत हो. काका, मामा म्हणून बोलतात. पण म्हणतात, आमच्या मशीनमध्ये वाट आहे."

परतीच्या प्रवासात पुतण्या बराच वेळ गप्प होता, मग माझ्याशी भांडला. त्याचं म्हणणं मी इथं प्रामाणिकपणे मांडतो, कारण त्यात तथ्य आहे. काका, वाटा कुणी लपवून ठेवल्या तर त्या मरतील. सगळे तुमच्यासारखे ओळखीवर हिंडू शकत नाहीत. तुमच्या पिढीकडं बँकेचा शिक्का होता, लोक चहा द्यायचे. आमच्याकडं ही फाइल आहे. आणि धुक्यात हरवलेल्याचा जीव ती वाचवते.

शेवटचा मुद्दा मी जन्मात नाकारणार नाही. १९८७ च्या ऑगस्टमध्ये सड्यावर धुक्यात सापडलो होतो. दोन तास गाडी हाकून मी माझ्याच चाकाच्या खुणेवर परत आलो, आणि तिच्या पलीकडे पंधरा पावलांवर कडा होता. तेव्हा खिशात हे यंत्र असतं तर त्याची पूजा केली असती. वाटा मिळू नयेत, असं मी म्हणतच नाही.

पण ट्रॅक आपल्याला एवढंच सांगतो, की या जागेवरून या दिवशी या वेळी एक यंत्र गेलं. त्या दिवशी पुढे कुणी चालत होतं का, फाटक कुणी उघडलं, महिना जानेवारी होता की जुलै, गाडी एक होती की दहा, हे तो सांगत नाही. तो अभयारण्याची हद्द ओलांडतो आणि बोलत नाही. सड्यावरून तर फारच सरळ रेष जाते, कारण सडा डोळ्यांना मोकळा दिसतो. त्या मोकळ्या कातळावर श्रावण-भाद्रपदात बोटभर मातीत सीतेची आसवं फुलतात. याच तालुक्यांतल्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची मानली जाणारी कातळशिल्पं आहेत. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आहे, तरी गवत वाढलेलं असताना मोटारसायकलच्या बैठकीवरून तो दिसेलच असं नाही. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. टायरला यादी कळत नाही.

पुतण्या अधूनमधून डकार रॅलीचे दाखले देतो, म्हणून सांगतो. ही शर्यत ज्यानं सुरू केली तो थिएरी साबीन १९७७ मध्ये मोटारसायकलवरून लिबियाच्या वाळवंटात हरवला होता. त्याच शर्यतीत आज कुणालाही स्वतःचा ट्रॅक भरून नेता येत नाही. आयोजक देतील त्या रोडबुकातल्या खुणा वाचत जायचं. २०२४ साली आपल्या हरिथ नोआनं तिथं रॅली-२ गट जिंकला तो असाच, वाचत वाचत. शर्यतीची गोष्ट वेगळी, हे मान्य. मग हौशी लोकांचं उदाहरण घ्या. २०१७ साली सुरू झालेली ट्रान्स युरो ट्रेल ही युरोपभरची कच्च्या रस्त्यांची वाट फुकट फाइलींवर चालते. पण प्रत्येक देशाच्या तुकड्याला तिथलेच स्वयंसेवक नेमलेले आहेत. वाट बंद झाली, कुणी हरकत घेतली, की ते रेष बदलतात, आणि निघण्यापूर्वी ताजी फाइल घ्या असं बजावतात. म्हणजे वाटेला खातं आहे आणि खात्याला कुणीतरी जबाबदार आहे.

आपल्याकडच्या फाइली धारकास देय असलेल्या चेकसारख्या हिंडतात. ज्याच्या हाती, त्याची वाट. माझं मागणं फार नाही. फाइल देणाऱ्यानं तपशिलाचा रकाना भरावा. कुठल्या महिन्यात गेलो, वाटेत कुणाला विचारलं, कुठं उतरून चाललो. खासगी जागेत शिरणारा तुकडा देण्याआधी कापावा. संगणकावर ते पाच मिनिटांचं काम आहे. आणि घेणाऱ्यानं वर्षापूर्वीची फाइल शिळ्या सातबाऱ्याइतकीच विश्वासाची मानावी. शिळ्या सातबाऱ्यावर आम्ही दमडी देत नसू.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुतण्या, त्याचे चार मित्र, मी आणि गावातला एक गवंडी असे मिळून आम्ही चिरे बसवले आणि चर दगडमातीनं भरला. मी अर्थात बसून सूचना केल्या. काजूच्या रोपांचे पैसे त्यानं घेतले नाहीत, शेवटी रोपंच आणून दिली. घरी येऊन मी ट्रॅक एसटीच्या थांब्यापाशी कापला, तपशील लिहिला आणि पुतण्यानं तो सगळ्यांना पाठवला. जुन्या प्रतींचं काय करायचं, हे मात्र सुचलं नाही. चेक हरवला तर पेमेंट थांबवता येतं. इथं शाखाच नाही, अर्ज द्यायचा कुणाकडे?

गेल्या महिन्यात एका अनोळखी तरुणानं, मी कोकणावर लिहितो हे वाचून, मोठ्या प्रेमानं मला एक ट्रॅक पाठवला. 'सर, मस्त वाट आहे, जरूर करा.' मी तो यंत्रात भरला. वाडीपाशी रेषेचा एक गुंता दिसत होता. यंत्र एका जागी राहिलं की बिंदू असे थोडे इकडेतिकडे पडतात. वेळ पाहिली, चाळीस मिनिटं. तो माझा चहा होता. मी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं: गाडी थांब्यापाशी लाव, तिथून चालत जा, जाण्याआधी मला विचार, मी फोन करून ठेवीन. त्यानं उलट टपाली अंगठा पाठवला. कर्जाच्या कागदावर अंगठा घेताना आम्ही शेजारी साक्षीदाराची सही घेत असू.