बॅटरी घेताना आधी पायाकडे पाहा

गेल्या हिवाळ्यात रात्री दीडच्या सुमारास दाराची कडी वाजली. कृष्णाकाठच्या आमच्या भागात ही वेळ बहुधा दम्याच्या पेशंटची किंवा बाळंतिणीची. त्या रात्री मात्र मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणलेले एक साठीचे शेतकरी होते. उसाला पाणी द्यायची रात्रीची पाळी, बांधावरून चालताना घोट्याजवळ चावा बसलेला. पाय सुजत चालला होता. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त काढून ती वीस मिनिटे न हलवता ठेवली. रक्त गोठले नाही. घोणस.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी विचारले, "तात्या, हातात बॅटरी नव्हती का?"

"होती की डॉक्टर. पल्याडच्या बांधावरचा ससा दिसत हुता तिच्यात. पायापाशी काय दिसंना."

ती बॅटरी (शुद्ध मराठीत विजेरी, पण दुकानात तो शब्द वापरलात तर पोऱ्या तोंडाकडे बघत राहील) मुलाने दुसऱ्या दिवशी मला आणून दाखवली. पुतण्याने तालुक्याला नेऊन ती हौसेने 'वाढवून' आणली होती. मूळचा एलईडी काढून मोठा घातलेला, खोल वाटीसारखा नवा रिफ्लेक्टर आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेले दोन लिथियम सेल. अंगणात लावून पाहिली तर दूरच्या चिंचेवर थाळीएवढा पांढराशुभ्र गोल पडला आणि माझ्या चपला मला दिसेनात. दिव्याखाली अंधार ही म्हण आपल्या आजोबांना समईवरून सुचली असेल, पण ती या बॅटरीला अधिक लागू पडते.

तात्या वाचले. ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष वेळेत सुरू झाले, पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी चार वेळा डायलिसिस करावे लागले. सगळ्यांचे नशीब एवढे चांगले नसते. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यातले. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या योजना आल्या, सौर वाहिन्याही झाल्या, तरी अनेक गावांत रात्रीची पाळी अजून सुटलेली नाही. ती सुटेपर्यंत शेतकऱ्याच्या हातातली बॅटरी ही मला औषधाच्या कपाटातल्या वस्तूइतकीच महत्त्वाची वाटते. आणि ती आपण निवडतो कशी? "किती लांब जाते?" एवढ्या एकाच प्रश्नावर.

घोणस लांबून चालून येत नाही. ती पाचटात किंवा बांधाच्या कडेला वेटोळे घालून पडून असते आणि माणूस तिच्यावर पाय देतो. तेव्हा उजेड हवा तो पुढच्या चार-पाच पावलांवर, आणि रुंद हवा. कमरेच्या उंचीवर धरलेल्या बॅटरीने समोर दोन-तीन पावलांवर निदान पुरुषभर रुंदीची जमीन सारखी उजळली पाहिजे. एवढ्यासाठी खरे दीडशे-दोनशे ल्युमेन पुष्कळ झाले. 'खरे' म्हणतो, कारण पाकिटावरचे आकडे ही एक वेगळीच करमणूक आहे. १८६५० आकाराच्या लिथियम सेलची क्षमता चांगल्यातली चांगली साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असते. बाजारात त्यावर ९९०० छापलेले सर्रास मिळते. असा आकडा दिसला की बाकीचा मजकूर वाचायची तसदी घेऊ नये.

दुसरी गोष्ट रंगाची. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा दिवा, त्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप. स्वस्त मालात निळेपणा जास्त राहतो आणि त्या उजेडात तपकिरी, तांबूस रंग मेल्यासारखे दिसतात. घोणशीच्या अंगावरचे तपकिरी ठिपके आणि वाळलेले पाचट मग एकच होऊन जाते. पाकिटावर ४००० किंवा ४५०० केल्विन लिहिलेले असेल तर ती घ्यावी, ६५०० ची शक्यतो नको. डोक्याला बांधायची बॅटरी मोकळ्या हातांसाठी सोयीची खरी. पण उजेड डोळ्यांच्या रेषेतूनच गेल्यामुळे वस्तूंच्या सावल्या दिसत नाहीत आणि जमीन सपाट भासते. शिवाय किडे तोंडावर येतात ते वेगळेच. हातात, कमरेच्या खाली धरलेल्या उजेडात ढेकूळ आणि वेटोळे यातला फरक सावलीवरून कळतो.

घरात असलेली बॅटरी फेकून द्यायला मी सांगत नाही. पुढचे तोंड मागेपुढे सरकणारी असेल तर ते आत ढकलून ठेवा, झोत रुंद होईल. तशी नसेल तर काचेच्या अर्ध्या भागावर धुरकट सेलोटेप लावा, पुस्तकाच्या दुकानात मिळते ती. झोताचा थोडा भाग लांब जातो, उरलेला पायाशी पसरतो. बटर पेपर लावू नका. प्रखर बॅटरीच्या काचेवर कागद करपतो. बटणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला लुकलुकणारा उजेड येत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून ती करामत काढून टाकावी. ऐन वेळी नेमकी तीच लागते, आणि घरात काहींना लुकलुकत्या उजेडाने फिट येण्याची प्रवृत्ती असते.

बाकी 'वाढवून घेणे' मात्र थांबवा. लॅपटॉपमधले जुने सेल संरक्षक सर्किटशिवाय जोडले आणि भलत्या चार्जरवर लावले की ते ४.२ व्होल्टच्या पुढे जातात, फुगतात, पेटतात. फुगलेला सेल पुन्हा चार्ज करायचा नाही आणि कोणतीही बॅटरी उशाशी चार्जिंगला लावायची नाही. सरळ भिंतीच्या प्लगमध्ये खोचायच्या स्वस्त बॅटऱ्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो, आतल्या तारांत थेट घरची वीज असते. तेव्हा चार्जिंग चालू असताना ती उघडणे म्हणजे उघडी वायर हातात धरणे. मुलांना असली प्रखर बॅटरी खेळायला देऊन एकमेकांच्या डोळ्यांत मारू देणेही बरे नव्हे. तुमच्या स्वतःच्या डोळ्यांतही एकदा झोत गेला की नजर अंधाराला पुरती सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात.

मण्यार घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. म्हणून एक लहान, मंद बॅटरी अंथरुणापाशीही असावी आणि पाय खाली टेकण्याआधी लागावी. शेतात बॅटरीच्या जोडीला गमबूट आणि काठी हवीच. चावा बसलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे काही नको. पाय न हलवता १०८ ला फोन करायचा. या सूचना मी दरवर्षी लिहितो, लोक कंटाळतात, तरी लिहितो.

तात्या मागच्या महिन्यात तपासणीला आले होते. क्रिएटिनिन आता ठीक आहे. बॅटरी तीच, पण पुतण्याने जुने सेल काढून संरक्षक सर्किटचे नवे घातले आहेत आणि काचेवर आमच्या कंपाउंडरने पट्टी चिकटवली आहे. पावसात ती निघते, दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. तिचे एक बंडल आम्ही दवाखान्यात आणून ठेवले आहे. केसपेपर न काढता नुसती बॅटरी घेऊन आलात तरी चालेल.