फीची पावती आणि पेरणीचा हंगाम : वाशीम जिल्ह्यातील उच्च शिक्षणाचा खर्च

वाशीम जिल्ह्यात जून महिना दोन खर्च एकाच वेळी घेऊन येतो. एकीकडे सोयाबीन व तुरीचे बियाणे, खते. दुसरीकडे बारावी उत्तीर्ण मुलामुलींचा महाविद्यालयीन प्रवेश. सोयाबीनचा पैसा हाती येतो तो दिवाळीच्या सुमारास, मात्र प्रवेशाची रक्कम जुलै-ऑगस्टमध्येच भरावी लागते. ज्या घरात शेती थोडी आहे किंवा मजुरीवर पोट आहे, त्या घराला हे चार महिने ओलांडणे कठीण जाते. अनेकदा गुणवत्ता असूनही शिक्षण थांबते ते याच ठिकाणी.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी मदत योजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. २०१८ साली नीती आयोगाने महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांतही वाशीम आहे. कर्ज या शब्दाने येथील माणूस दचकतो, याचे नवल वाटू नये. त्यामुळे उच्च शिक्षणाच्या खर्चाचा विचार करताना शिष्यवृत्ती, शुल्क सवलत आणि कर्ज या तिन्ही वाटा नीट समजून घेणे आवश्यक आहे. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी तर या वाटांवर काही वेगळेच अडथळे आहेत.

प्रथम शिष्यवृत्तीचा विचार करू. १९९३ साली केंद्र शासनाने ख्रिस्ती समाजाला अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. २००६ मध्ये अल्पसंख्याक मंत्रालय स्थापन झाल्यानंतर मॅट्रिकपूर्व, मॅट्रिकोत्तर आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीची गुणवत्ता-नि-साधन अशा शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. शेवटच्या योजनेत वार्षिक शुल्कापोटी २० हजार रुपयांपर्यंत आणि वसतिगृहात राहणाऱ्यास निर्वाहासाठी १० हजार रुपये मिळत. रक्कम मोठी नव्हती, पण लहान गावातील कुटुंबाला ती आधार वाटे.

या योजनांची मंजूर मुदत २०२१-२२ पर्यंत होती. त्यानंतर चित्र पालटले. २०२२ साली मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केवळ नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली, संशोधकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती बंद झाली आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज सवलतीची ‘पढो परदेश’ योजनाही थांबली. २०२३ साली मंत्रालयाने १,५७२ संस्थांची पडताळणी केली, तेव्हा ८३० संस्था बनावट वा बंद पडलेल्या आढळल्या. सुमारे १४४ कोटी रुपयांच्या या अपहाराचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला. दोषींना शासन व्हायलाच हवे. परंतु पैसा लाटला दलालांनी आणि दार बंद झाले प्रामाणिक विद्यार्थ्यापुढे, हा न्याय नव्हे. केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मिळेलच असे धरून प्रवेश घेणे म्हणूनच आज धोक्याचे आहे.

दुसरा अडथळा जुना आहे आणि तो आपल्या श्रद्धेला भिडतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू धर्मीयांपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्या दलित कुटुंबाला तो दर्जा मिळत नाही आणि त्यासोबत येणारी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही मिळत नाही. धर्माच्या आधारे हा भेद करू नये, अशी शिफारस न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली केली होती. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. अनुसूचित जमातींबाबत हा आदेश अशी धर्माची अट घालत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे.

यातून जी कुचंबणा होते, ती आपल्या धर्मग्रामांना ठाऊक आहे. शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि चर्चच्या नोंदवहीत दुसरा. अशा कुटुंबांना दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही. मात्र एक व्यावहारिक इशारा द्यायलाच हवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात पडताळणी होते आणि तेथे कागदपत्रांतील विसंगती उघड झाल्यास शिष्यवृत्तीच नव्हे, प्रवेशही जातो. मुलाच्या तिसऱ्या वर्षी हे संकट ओढवण्यापेक्षा नववी-दहावीतच दाखले तपासून, जो खरा हक्क आहे त्याच मार्गाने जावे. अन्यायाविरुद्धचा लढा सर्वांनी मिळून द्यायचा असतो. त्याचा भार एकट्या विद्यार्थ्याच्या अर्जावर टाकू नये.

राज्य शासनाच्या योजनांमध्ये आपल्यासाठी अजूनही बरेच काही आहे. महाडीबीटी संकेतस्थळावर राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या पाल्यास व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत मिळते. विदर्भपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने असलेला वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. अमरावती, अकोला वा नागपूर येथे खोली घेऊन राहणाऱ्या मुलाचा खरा खर्च अनेकदा फीपेक्षा राहण्या-जेवण्याचा असतो, म्हणून ही योजना महत्त्वाची.

मुलींसाठी जुलै २०२४ चा शासन निर्णय विशेष मोलाचा आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्णपणे शासन भरते. खुल्या प्रवर्गातील ख्रिस्ती कुटुंबाने आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढलेला असल्यास आपली मुलगीही यात बसू शकते. अट एकच, पण कळीची : प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा ही सवलत गमावते. ‘जागा मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाची खरी किंमत येथे कळते.

आता कर्जाकडे वळू. शैक्षणिक कर्ज चार लाख रुपयांपर्यंत असेल तर बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी २०१५ पासून केंद्राचा हमी निधी आहे. ‘तुमचे गाव आमच्या सेवाक्षेत्रात येत नाही’ या कारणाने अर्ज नाकारू नये, असेही रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना कळविले आहे. नकार आलाच तर तो लेखी मागावा आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे जावे.

हिशेब मात्र आधीच मांडावा. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख असे चार लाख घेतले, व्याज दहा टक्के सरळ धरले आणि शिक्षणानंतर एक वर्षाची सवड मिळाली, तर परतफेड सुरू होईपर्यंत १ लाख ४० हजार रुपये व्याज साचते. देणे होते ५ लाख ४० हजार. दहा वर्षांत ते फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे ७,१०० रुपये येतो. हेच सवडीच्या काळातील व्याज शासनाने भरले, तर हप्ता सुमारे ५,३०० वर येतो. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी अशी व्याज सवलत केंद्राने २००९-१० पासून ठेवली आहे. परंतु २०१८ पासून ती नॅकचे मूल्यांकन असलेल्या संस्था वा मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रम यांपुरतीच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना तर निवडक दर्जेदार संस्थांतील गुणवत्तेवरील प्रवेशांसाठी आहे. म्हणजेच कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, यावर कर्जाचा भार ठरतो. जाहिरातीला भुलून मूल्यांकन नसलेल्या संस्थेत गेलेला विद्यार्थी दोनदा फसतो : एकदा नोकरीच्या बाजारात आणि एकदा व्याजात.

अल्पसंख्याकांसाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज देणारे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळही राज्यात आहे. खासगी सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी तेथे अवश्य चौकशी करावी.

या साऱ्यात धर्मग्रामाने काय करावे? आम्हाला तीन गोष्टी सुचतात. पहिली, एप्रिल-मे मध्येच दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांना रविवारच्या मिस्सानंतर एकत्र बसवून उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधारशी जोडलेले बँक खाते यांची तपासणी करावी. कित्येक अर्ज पात्रतेअभावी नव्हे, कागदाअभावी फेटाळले जातात. दुसरी, धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक वा बँक कर्मचाऱ्यांनी अर्ज भरण्यास मदत करावी. तिसरी, जून ते दिवाळी या चार महिन्यांसाठी बिनव्याजी फिरता निधी उभारावा. पंधरा-वीस हजारांची रक्कम वेळेवर मिळाली तर प्रवेश टिकतो. सोयाबीन विकल्यावर किंवा शिष्यवृत्ती जमा झाल्यावर ती परत यावी आणि पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या घराच्या उपयोगी पडावी.

मिशनऱ्यांनी एकेकाळी आपल्या आजी-आजोबांना शाळेचा उंबरठा दाखविला. आज महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडताना आपल्या नातवंडांना पैशाइतकीच गरज आहे ती वेळेवर मिळालेल्या माहितीची. ती देण्यास फार मोठा निधी लागत नाही.