सर्व्हरचा फेरफार

परवा शनिवारी जालन्याला घरी गेलो, तर काका शेतीचे कागद पसरून बसलेले. सातबारा फक्त आजची स्थिती सांगतो. ती कशी झाली ते बघायचं तर गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही. बदल काय, केव्हा, कशामुळे (खरेदी, वारस, वाटणी) सगळं तिथे. नोंद घेणारा एक, मंजूर करणारा मंडळ अधिकारी दुसरा!

आणि आपण? मागच्या महिन्यात आमचा सर्व्हर बसला. लिनक्सच्या 'ईटीसी' फोल्डरमधली एक ओळ कुणीतरी बदललेली. फोल्डरमध्ये 'ओल्ड', 'ओल्ड२', 'फायनल' अशा फाइली, आणि आम्ही रात्रभर एकमेकांची तोंडं बघतोय.

गिट २००५ पासून आहे. जोई हेस यांचं 'ईटीसीकीपर' त्यावर बसवलं की पॅकेज टाकताना नोंद आपोआप होते, फाइलींच्या परवानग्याही जपल्या जातात. फक्त त्यात पासवर्डच्या फाइलीही असतात, तेव्हा रिपॉझिटरी चव्हाट्यावर नको.

पण माझं म्हणणं वेगळंच आहे. 'काय बदललं' हे मशीन लिहील. 'का बदललं' हे आपल्यालाच लिहावं लागतं. तेवढी एक ओळ लिहायचा कंटाळा करू नका, राव. शेताच्या बांधावरची भांडणं त्या एका ओळीने मिटतात, आपली तर नुसती फाइल आहे.