इंजिनासाठी दिवा घेताना लुमेन नव्हे, जागा बघा

ब्लॅक फ्रायडेच्या सुमारास अमेरिकेतल्या कुठल्याही हार्डवेअरच्या किंवा गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात शिरलात, की रिचार्जेबल एलईडी दिव्यांचा ढीग समोर येतो. खोक्यावर सगळ्यात ठळक अक्षरांत एकच आकडा असतो: १००० लुमेन, २००० लुमेन, कधी त्याहूनही जास्त. माझं म्हणणं सरळ आहे. बॉनेटखाली, म्हणजे इथल्या भाषेत हूडखाली, काम करण्यासाठी दिवा घेत असाल तर हा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की हात न लावता तो दिवा कुठे कुठे राहू शकतो, कसा वळतो, आणि त्याच्या उजेडात लाल रंग लाल दिसतो का.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? मोबाइलचा टॉर्च आहे की! पण जरा विचार करा. इथे नव्याने आलेला विद्यार्थी बहुधा जुनी गाडी घेतो. मेकॅनिकच्या तासाचा दर बघितला की बॅटरी, एअर फिल्टर, स्पार्क प्लग अशी कामं आपणच करावीत असं अनेकांना वाटू लागतं. आणि ती करायची कधी? कामावरून परतल्यावर. डिसेंबरच्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये सूर्य दुपारी सव्वाचारच्या आतच मावळतो. म्हणजे हिवाळ्यातली प्रत्येक घरगुती दुरुस्ती ही अंधारातली दुरुस्ती असते.

एका हातात मोबाइल धरला की कामाला एकच हात उरतो. स्पार्क प्लग बसवताना सुरुवातीचे आटे बोटांनी हलकेच फिरवून जुळवावे लागतात. ते तिरपे चढले आणि तसाच पाना फिरवला, तर अॅल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधले आटे खराब होतात आणि शे-दोनशे डॉलर वाचवायला निघालेला माणूस त्याच्या कित्येक पट खर्चात पडतो. शिवाय काही गाड्यांमध्ये इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा विजेवरचा पंखा आपोआप सुरू होतो. अशा जागी हात कुठे आहे हे न दिसणं, किंवा हातातला दिवा निसटणं, परवडणारं नाही.

उजेड किती, यापेक्षा कुठून

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तुमच्या कामाच्या जागी पडणारा प्रकाश मोजतात लक्समध्ये. या दोघांच्या मधे अंतर येतं, आणि छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो.

एक सोपं गणित करू. समजा १००० लुमेनचा दिवा आपला प्रकाश १२० अंशांच्या शंकूत सारखा पसरवतो. एक मीटरवरून तो सुमारे ३२० लक्स देईल. आता तसाच पसरणारा पण फक्त २०० लुमेनचा दिवा कामापासून २५ सेंटिमीटरवर आणा. तिथे मिळतील सुमारे १००० लक्स. पाचपट कमी ताकदीचा दिवा तिप्पट उजेड देतो, कारण तो जवळ आहे. खरे दिवे इतके आदर्श वागत नाहीत, पण निष्कर्ष बदलत नाही.

आता सावलीचं बघू. इंजिनाची जागा म्हणजे कोनाड्यांचं गाव. २०२० सालापर्यंतची सहा सिलिंडरची टोयोटा सिएना अनेक मराठी घरांत आहे. तिचे मागचे तीन प्लग इंजिनाच्या मागल्या अंगाला, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेले असतात. वरून कितीही प्रखर झोत टाका, मधे येणाऱ्या भागाची सावली तेवढीच गडद पडणार. भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्सचं असतं, तरी उन्हात उभ्या गाडीच्या त्या कोनाड्यात अंधारच असतो. सावली घालवण्याचा उपाय म्हणजे दुसऱ्या दिशेने येणारा दुसरा दिवा.

ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या खोलीत फार पूर्वीच समजलेली आहे. तिथल्या दिव्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात मध्यभागी ४०,००० ते १,६०,००० लक्स अपेक्षित असतात, पण खरी युक्ती त्या आकड्यात नाही. प्रकाश मोठ्या तबकडीवरच्या अनेक ठिकाणांहून येतो, त्यामुळे सर्जनचं डोकं मधे आलं तरी जखमेवर काळोख पडत नाही. आणि दिवा जिथे वळवला तिथेच थांबतो. मी प्रकाशाशी संबंधित संशोधन करते. आमच्या प्रयोगशाळेतही प्रत्येक भिंग आणि आरसा खांबावर घट्ट बसवलेला असतो. भिंग हातात धरून कोणी मोजमाप घेत नाही. मग गाडीच्या बाबतीतच आपण दिवा दातांत का धरतो?

डोक्याला बांधायचा दिवा हा उत्तम साथीदार आहे, पण तो एकटा पुरत नाही. त्याचा प्रकाश जवळजवळ तुमच्या नजरेच्याच रेषेतून जातो. त्यामुळे सावल्या वस्तूंच्या मागे लपतात आणि समोरचं चित्र सपाट दिसतं. रबरी पाइपवरची बारीक चीर किंवा गॅस्केटच्या कडेला साचलेला ओलावा दिसतो तो बाजूने, पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या तिरक्या उजेडात. म्हणूनच दिवा वळवता येणं ही चैन नाही. दोष सापडणं न सापडणं त्याच्यावर ठरतं.

तिसरा मुद्दा झगमगाटाचा. प्रखर दिवा नजरेच्या टप्प्यात असला की बाहुली आकसते आणि डोळ्याच्या आत विखुरलेला प्रकाश चित्रावर धुक्यासारखा पसरतो. वय वाढतं तसं हे वाढतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, म्हणजे त्याला उजेड जास्त हवा आणि झगमगाट कमी. उन्हाळ्यात भारतातून आलेले बाबा तुमच्याबरोबर बॉनेटमध्ये डोकावत असतील, तर हे लक्षात ठेवा. नियम सोपा आहे: काम उजळलेलं दिसावं, दिवा स्वतः दिसू नये.

लाल रंगाचं काय?

पांढऱ्या एलईडीचा पाया निळ्या एलईडीत आहे. त्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. बहुतेक पांढऱ्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळसर प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर असतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो, पण स्वस्त दिव्यात गडद लाल प्रकाश फारच थोडा असतो.

याचा बॉनेटखाली थेट परिणाम होतो. ड्राइव्हवेवर पडलेला थेंब कशाचा आहे, हे आपण बऱ्याचदा रंगावरून ओळखतो. ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल बहुधा लाल, वापरलेलं इंजिन ऑइल तपकिरी, टोयोटाचं कूलंट गुलाबी. लाल कमी असलेल्या उजेडात लाल तेल तपकिरीकडे झुकतं. वायरींच्या जुडग्यातही लाल आणि तपकिरी वायर एकसारख्या दिसू लागतात.

खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा शोधा. तो आठ फिकट रंगांच्या चाचणीची सरासरी असतो. जुन्या पिवळ्या बल्बचा सीआरआय १०० च्या जवळ असतो. दुरुस्तीसाठी एलईडीचा किमान ९० असावा असं मी म्हणेन. गडद लाल रंग मात्र या सरासरीत धरतच नाहीत. त्यासाठी आर९ हा वेगळा आकडा असतो. कुणी तो छापला असेल, तर त्या कंपनीने विचार केलाय असं समजा.

खोक्यावरचे तास

अमेरिकेत टॉर्च आणि तशा दिव्यांसाठी एफएल१ नावाचं ऐच्छिक मानक आहे. त्यात लुमेन मोजतात दिवा लावल्यानंतरच्या ३० सेकंद ते २ मिनिटांत. चालण्याचा वेळ मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे "१००० लुमेन, ५ तास" याचा अर्थ पाच तास हजार लुमेन असा होत नाही. पाचव्या तासाच्या शेवटी शंभरच उरलेले असू शकतात. अनेक प्रखर दिवे तापू नयेत म्हणून काही मिनिटांतच उजेड कमी करतात. यात फसवणूक नाही, व्याख्याच तशी आहे. पण ती गिऱ्हाइकाला ठाऊक हवी. कामाच्या दिव्यावर अर्ध्या मीटरवरचे लक्स आणि अर्ध्या तासानंतरचा उजेड छापायला लावला, तर खोक्यांवरची ही आकड्यांची शर्यत बरीच ओसरेल असं मला वाटतं.

जुना बल्ब फेकून द्या

अमेरिकन गॅरेजात जाळीच्या पिंजऱ्यातला, लांब वायरचा, हूक असलेला दिवा पिढ्यानपिढ्या लटकत आलाय. हात मोकळे ठेवण्याची कल्पना त्याचीच. दोष आत बसवलेल्या बल्बचा. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. ही वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे ती जमिनीलगत साचते. अमेरिकेचा नॅशनल इलेक्ट्रिकल कोड मोठी दुरुस्ती चालणाऱ्या, पुरेशी हवा न खेळणाऱ्या गॅरेजात जमिनीपासून १८ इंचांपर्यंतची जागा धोक्याची मानतो, ते याचसाठी. वाफ साचलेल्या जागी पेटता बल्ब पडून फुटला, तर २००० अंशांहून जास्त तापलेली तार उघडी पडते.

एलईडीने हा धोका खूप कमी केला, पण संपवला नाही. स्विच आणि चार्जिंगच्या जोडणीतून ठिणगी पडू शकते. पेट्रोलचा वास येत असेल तर दिव्याचं बटण दाबण्याआधी गॅरेजचं दार उघडा. इंधनाच्या गळतीचं काम असेल तर त्यासाठी प्रमाणित दिवा वापरा, किंवा सरळ मेकॅनिकला बोलवा.

दिवा कोणी धरायचा?

आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात हे काम पोऱ्याचं. मेकॅनिक गाडीखाली, आणि पोऱ्या तासन् तास बॅटरी धरून उभा. अमेरिकेत माणसाचा तास महाग, म्हणून इथे हूक, चुंबक आणि लवचीक माना आल्या. काही जण म्हणतात, बॅटरी धरूनच तर पोरं शिकली. उस्तादाची नजर जिथे जाते तिथे उजेड न्यायचा, म्हणजे नजर तयार होते. यात तथ्य आहे. पण त्या पोराचं अर्धं लक्ष "नीट धर रे" हे ऐकण्यातच जायचं, आणि हात अडकलेले असल्यामुळे पाना त्याच्या हाती फार उशिरा यायचा. इथल्या आपल्या घरांतही बॅटरी धरण्याचं काम बहुधा मुलांकडे येतं, आणि दहा मिनिटांत ती कंटाळून आत जातात. दिवा हूकला लावा आणि मुलीच्या हातात पाना द्या. ती थांबेल.

तेव्हा घ्यायचं काय? माझ्या मते एका महागड्या, दिपवणाऱ्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे. एक, बॉनेटच्या दोन्ही कडांना हूकने अडकणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा पट्टीचा दिवा, सगळीकडे मऊ उजेड देणारा. दुसरा, चुंबक आणि वळणारी मान असलेला छोटा दिवा, कोनाड्यात बाजूने उजेड टाकायला. चुंबक अॅल्युमिनियमला चिकटत नाही. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० चं बॉनेट अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून हूकही असलेला बघा. इंजिन सुरू करण्याआधी पट्टे आणि पंख्याजवळचा दिवा काढून घ्या. दुकानातच दिवा लावून त्याखाली लाल आणि तपकिरी वस्तू शेजारी धरून बघा.

आणि भारतात जाताना गावाकडच्या मेकॅनिक मित्राला बदामांच्या पाकिटाऐवजी असा एक दिवा न्या. त्यासोबत सुट्या लिथियम बॅटऱ्या असतील तर त्या केबिनच्या बॅगेतच ठेवा. चेक-इन सामानात त्यांना परवानगी नाही.