ख्रिस्ती शेजारी म्हणतात, ‘देव माणूस झाला’



या महिन्यात एकच पत्र घेतो. पत्र मिरजेहून आले आहे. लिहिणाऱ्या भगिनी परिचारिका आहेत. त्यांच्या वॉर्डात अकरा वर्षे सोबत ड्युटी करणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंचा तरुण मुलगा गेल्या पावसाळ्यात मोटारसायकलच्या अपघातात वारला. आमच्या भगिनी भेटायला गेल्या, तेव्हा ती आई रडली नाही. एवढेच म्हणाली, “माझ्या देवानं मरण सोसलंय गं. त्याला कळतं माझं काय झालंय ते.”

भगिनी गप्प बसल्या. तिचा हात हातात घेऊन अर्धा तास बसून राहिल्या आणि घरी आल्या. घरी कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, “अम्मी, तिथेच सांगायला हवं होतं. देव कधी मरतो का? देव जेवतो, झोपतो, रडतो का?” भगिनी विचारतात : माझे गप्प बसणे ईमानची कमजोरी ठरली का? आणि ही माणसे नेमके मानतात तरी काय?

दुसरा प्रश्न आधी घेतो. तो समजल्याशिवाय पहिल्याचे उत्तर देता येणार नाही.

आपल्या घरांत या विषयावर सर्रास एक वाक्य ऐकू येते : ‘त्यांनी एका माणसाला देव बनवले.’ आपल्या अकीद्याच्या दृष्टीने पाहिले तर निष्कर्ष तोच निघतो. पण एखाद्या जाणत्या ख्रिस्ती माणसाला हे वाक्य ऐकवा, तो म्हणेल, “छे, आम्ही असे मानतच नाही.” त्यांचे म्हणणे उलट दिशेने जाते. माणूस वर चढून देव झाला असे नव्हे, तर देव स्वतः खाली आला आणि माणूस झाला, असे ते मानतात. मराठीत बोलताना तोंडात पटकन ‘अवतार’ हा शब्द येतो, पण मराठी ख्रिस्ती लेखक जपून ‘देहधारण’ म्हणतात. कारण त्यांच्या मते ही गोष्ट एकदाच घडली, आणि धारण केलेले माणूसपण नंतर उतरवून ठेवलेले नाही.

यात ‘पूर्ण’ या शब्दावर त्यांचा फार जोर असतो : पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे त्यांच्या धर्मगुरूंची परिषद भरली, तिथे देवपणाचा वाद झाला हे अनेकांना माहीत असते. पण माणूसपणाचाही वाद तितकाच तीव्र होता, हे आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. अगदी सुरुवातीच्या काळात काही गट म्हणत की येशूचे शरीर नुसता भास होता. देव कसा दमेल, कसा दुखावेल? चर्चने त्यांना पाखंडी ठरवले. चौथ्या शतकात सीरियातील लाओदिकियाचे बिशप अपोलिनारिस यांनी मधला मार्ग काढला : शरीर माणसाचे, पण आत मन-बुद्धीच्या जागी ईश्वरी शब्द. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने हेही नाकारले. त्या काळचे एक मोठे धर्मपंडित, नाझियान्झसचे ग्रेगरी, यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : माणसाचा जो भाग देवाने स्वतःवर घेतलाच नाही, तो भाग बरा कसा होणार? माणसाची बुद्धीही आजारी आहे, भीतीही आजारी आहे. मग तीही घ्यायला हवी.

वॉर्डात काम करणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. त्यांच्या लेखी देहधारण हा उपचार आहे.

पुढे इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोन येथे (हा भाग आज इस्तंबूलमध्ये येतो) सूत्र ठरले : व्यक्ती एक, स्वभाव दोन, ईश्वरी आणि मानवी, दोन्ही पूर्ण, त्यांची भेसळ नाही आणि फारकतही नाही. हे सूत्र सर्वांना पटले नाही. इजिप्तचे कॉप्टिक, आर्मेनियाचे आणि हबशाचे ख्रिस्ती वेगळे राहिले. देव आणि माणूस असा मिलाफ झाल्यावर दोन स्वभाव मोजत बसू नयेत, असे त्यांचे म्हणणे. इथिओपियाच्या चर्चच्या नावात आजही ‘तवाहेदो’ हा शब्द आहे, अर्थ ‘एक झालेले’. कानाला ओळखीचा वाटतो ना? तिथल्या गीझ भाषेतला तो शब्द आणि आपला अरबी ‘तौहीद’ एकाच धातूपासून आले आहेत. शब्दाचे मूळ एक, पण श्रद्धा किती लांब गेल्या!

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. देव जेवतो का, झोपतो का, रडतो का?

ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानांत हे सगळे लिहिलेले आहे. येशूंना भूक लागते. समारियातल्या विहिरीवर ते थकून बसतात आणि पाणी मागतात. वादळात नावेत झोपी जातात. लाजर नावाच्या मित्राच्या कबरीपाशी रडतात. अंतिम घटका कधी येणार हे आपल्याला ठाऊक नाही, ते पित्यालाच ठाऊक आहे, असे सांगतात. अटकेच्या आदल्या घटकेला बागेत कपाळ टेकून दुआ करतात. आपले तरुण या जागा शोधून काढतात आणि समोरच्यासमोर ठेवतात. त्यांना वाटते, पकडले! पण समोरचा शांतपणे मान डोलावतो, कारण त्याची श्रद्धा सुरू होते ती इथूनच. ‘पूर्ण माणूस’ म्हणताना त्याला हेच म्हणायचे असते.

कुरआननेही नेमक्या याच जागी बोट ठेवले आहे. सूरह अल-माइदामध्ये (५:७५) मसीह (अलै.) हे केवळ रसूल होते, त्यांच्या आई सत्यनिष्ठ होत्या आणि दोघेही अन्न खात असत, असे फरमावले आहे. ज्याला भाकरीची गरज, तो कोणाचा तरी मोहताज. आणि मोहताज तो रब नव्हे. आपल्याला हा दाखला पुरेसा आहे. गंमत पाहा, मक्केचे मुशरिक याच भाकरीवरून उलटी हरकत घेत होते : हा कसला रसूल, जो जेवतो आणि बाजारात फिरतो? (२५:७). त्यांना रसूलही माणूस नको होता.

म्हणजे मसीह जेवत होते यावर आपला आणि ख्रिस्ती शेजाऱ्याचा वादच नाही. वाद आहे तो पुढे : ही गरज, हे दमणे, हे मरण रब्बुल आलमीनला शोभते का? ते म्हणतात, प्रेमासाठी शोभते. ईश्वरी स्वभाव मरत नाही, जे सोसले ते धारण केलेल्या माणूसपणात सोसले, असे त्यांचे पंडित काळजीपूर्वक सांगतात, आणि हे कोडे शेवटी ‘रहस्य’ म्हणून सोडून देतात. आपण म्हणतो, अल्लाहला जवळ यायला शरीर घ्यावे लागत नाही. तो गळ्याच्या शिरेहूनही जवळ आहे (५०:१६). आईचे दुःख कळायला त्याला मरावे लागत नाही. ज्याने ते काळीज घडवले, त्याला ते माहीत आहे. मला हा फरक लहान वाटत नाही, आणि तो झाकून ठेवावा असेही वाटत नाही. पण ‘देव जेवतो का’ एवढ्या प्रश्नाने तो मिटेल, असे मुलाने समजू नये.

नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ मदीनेला आले होते. इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये येते की त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली, तेव्हा त्यांनी मस्जिदे-नबवीतच पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना केली, आणि प्रेषित (स.) यांनी त्यांना करू दिली. चर्चा मात्र स्पष्ट झाली. ईसा (अलै.) यांचे उदाहरण अल्लाहकडे आदम (अलै.) यांच्यासारखे आहे, ही आयत (३:५९) त्याच प्रसंगाशी जोडली जाते. पाहुणचार झाला आणि मतभेदही सांगितला गेला.

आता, भगिनी, तुमचा पहिला प्रश्न. एकदा एक जनाजा जात असताना प्रेषित (स.) उभे राहिले. लोक म्हणाले, हा तर यहुद्याचा आहे. त्यांनी विचारले, तो जीव नव्हता का? (बुखारी). स्वतःचे बाळ इब्राहीम गेले तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून अश्रू आले. तुम्ही त्या आईच्या श्रद्धेला ‘आमीन’ म्हटले नाही. तिचा हात धरलात. त्या अर्ध्या तासात अकीद्याचा धडा घ्यायला ती तुमच्याकडे आली नव्हती. माझ्या मते तुम्ही योग्य केले.

उद्या तिने स्वतःहून विचारले, “तुमच्यात काय म्हणतात?” तर जरूर सांगा, आणि आडपडदा न ठेवता सांगा. सुरुवात कुठून करावी हे हजरत जाफर (रजि.) यांच्याकडून शिकता येईल. हबशाच्या ख्रिस्ती बादशहासमोर, नजाशीसमोर, उभे राहायची वेळ आली तेव्हा त्यांनी सूरह मरयम निवडली. ती ऐकून बादशहाची दाढी आसवांनी भिजली, असे सीरतमध्ये येते. दुसऱ्या दिवशी ईसा (अलै.) यांच्याबद्दल थेट विचारले गेले, तेव्हा जाफर यांनी ‘अल्लाहचे बंदे आणि रसूल’ हे शब्द गाळले नाहीत.

त्याच सूरहमध्ये खजुराच्या झाडाखाली एकटी पडलेली आई आहे. प्रसूतीच्या कळांनी ती म्हणते की याआधीच मरून गेले असते तर बरे झाले असते (१९:२३). तुमच्या मुलाला आज रात्री हा भाग तर्जुम्यासह वाचायला सांगा. आणि पुढच्या वेळी त्या बाईंकडे जाल, तेव्हा त्यालाही सोबत न्या.