नुसतं बोलून काय होतं?

समुपदेशन म्हटलं की पेडणे-डिचोलीकडच्या घरांत अजूनही पहिली शंका येते ती हीच. गोळी घेतली, सुई टोचली तर तो उपचार. कुणापुढे बसून मन मोकळं करणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. वेडाचा शिक्का आता जरा पुसट होतो आहे, पण ही शंका चांगल्या शिकलेल्यांच्याही मनात घट्ट आहे. गंमत म्हणजे, तिचं उत्तर गोव्यातच शोधलं गेलं. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेतल्या डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी राज्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार थोडे सुधारून दिले, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी बैठकांच्या गटातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आकडे प्रामाणिकपणे वाचायचे तर ३९ टक्के बैठकांविनाही सावरले आणि बैठका घेऊनही ३६ टक्के सावरले नाहीत. बोलणं ही जादू नव्हे. पण मधला २५ टक्क्यांचा फरक बोलण्याचाच आहे.

आणि ते बोलणं म्हणजे सल्ला नव्हे. सल्ला तिठ्यावरही फुकट मिळतो. उदास माणूस कामं टाकतो, माणसं टाळतो, त्यामुळे आणखी खचतो. या बैठकांत तो फेरा नेमका कुठे तोडायचा हे रुग्णासोबत बसून ठरवलं जातं. कुळागराला पाणी लावणं, बंद पडलेलं भजनाला जाणं, असं काहीतरी लहानसं ठरतं आणि पुढच्या खेपेला त्याचा हिशेब होतो. डिचोलीतला खाणपट्ट्यातला माणूस विचारील, की २०१२च्या खाणबंदीने ट्रक दारात उभा केला, त्याचे हप्ते बोलण्याने फिटणार का? नाही फिटणार. दुःखाचं मूळ पैशात असेल तर त्याचा जाब सरकारलाच विचारायला हवा. मात्र ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तो बँकेच्या दारापर्यंत तरी कसा जाणार?

दुसरा आक्षेप श्रद्धेचा: देवळात गाऱ्हाणं घालतो, कौल घेतो, मग हे कशाला? खरं तर गाऱ्हाणं ही शब्दांवरच्या आपल्या विश्वासाची जुनी साक्ष. ते सोडा, असं कुणी सांगू नये. फक्त तिथे आपल्या वतीने दुसरा बोलतो आणि चार लोक ऐकतात. इथे स्वतः बोलायचं असतं, तेही बंद दाराआड, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती गुप्तता रुग्णाचा हक्क ठरवली आहे.

उरतो तो गावाचा डोळा, आणि हा आक्षेप मला सगळ्यांत खरा वाटतो. कायदा फाईल झाकतो, बाकावर बसलेला माणूस झाकत नाही. पेडण्याहून बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायचं तर दिवस मोडतो, आणि कशाला गेला होतास हे घरी-शेजारी सांगावं लागतं. कासारवर्ण्याच्या किंवा साखळीच्या आरोग्य केंद्रात रोजच्या रोज समुपदेशक बसला, तर त्याच्याकडे जाणारा त्याच रांगेत उभा राहील जिथे प्रेशरवाले आणि साखरवाले केसपेपर हातात घेऊन उभे असतात.